पैनगंगेच्या खोऱ्यात तंबू टाकायचाय? आधी परवानगी, हंगाम आणि नदीचं पाणी समजून घ्या

पावसाळा संपत आला की नांदेड-लातूरकडच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बेत हमखास निघतो: सहस्रकुंडला जायचं, नदीकाठी तंबू टाकायचा, शेकोटी पेटवायची आणि सकाळी परत फिरायचं. ऐकायला सोपा वाटणारा हा बेत प्रत्यक्षात तीन ठिकाणी अडतो. जागा कुणाच्या अखत्यारीत आहे, शेकोटी चालते का आणि रात्रीतून नदीचं पाणी वाढलं तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरं निघण्याआधीच हातात असायला हवीत.

हे जंगल नेमकं कुठे आहे?

लातूर जिल्ह्यात जंगल अगदीच कमी. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भागही शेतीचा आणि उघड्या माळाचा. पण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, किनवट आणि माहूर तालुक्यांत चित्र बदलतं. इथे सागाचं पानगळीचं जंगल आहे, डोंगररांगा आहेत आणि त्यांच्यामधून पैनगंगा वाहते.

अजिंठ्याच्या डोंगरात, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी वाशिम, हिंगोली करत खाली येते आणि बऱ्याच अंतरापर्यंत नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांची सीमा बनते. पुढे ती वर्धा नदीला मिळते. सहस्रकुंड धबधबा याच सीमेवर आहे. एका काठावर किनवट तालुक्यातलं इस्लापूर, तर दुसऱ्या काठावर यवतमाळचा उमरखेड तालुका. खोऱ्याच्या काही भागात पैनगंगा अभयारण्य पसरलेलं आहे.

जंगलात रात्री राहता येतं का?

मनाला येईल तिथे, नाही. अभयारण्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. या कायद्यानुसार अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो. पर्यटनासाठी परवाना मिळू शकतो, पण त्यातल्या वेळा आणि अटी पाळाव्या लागतात. अभयारण्यात आग लावणं किंवा पेटती आग सोडून जाणं यावर बंदी आहे. नियम मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अभयारण्याबाहेरचं जंगल मोकळं असतं, असाही अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. राखीव वनांना भारतीय वन कायदा, १९२७ लागू आहे आणि तिथेही विनापरवानगी शिरणं, आग पेटवणं हा गुन्हा आहे.

परवानगी कुठे मागायची हे जागेवर ठरतं. अभयारण्याचा कारभार पांढरकवडा वन्यजीव विभागाकडे आहे, तर किनवट-माहूर भागातलं अभयारण्याबाहेरचं जंगल नांदेड वन विभागाकडे. विचारणेची सुरुवात जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालयातून करावी.

मग तंबू टाकायचा कुठे?

पवना धरणाच्या काठी दिसते तशी तंबूंची रांग या खोऱ्यात नाही. त्यामुळे जागा स्वतःच शोधावी लागते. सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे गावालगतचं खासगी शेत किंवा खळं. त्यासाठी शेतमालकाची परवानगी घ्यायची आणि ग्रामपंचायत व पोलीस पाटलांना कळवून ठेवायचं. किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. गोंड, कोलाम, आंध या आदिवासींच्या आणि बंजारा समाजाच्या वस्त्या इथे आहेत. आपण त्यांच्या घराशेजारी उतरतो आहोत, याचं भान ठेवावं.

तंबूचा आग्रह नसेल तर माहूरला भक्तनिवास आणि लॉज आहेत, किनवटलाही राहण्याची सोय होते. दिवसा जंगल आणि नदी, रात्री गावात मुक्काम हा बेत कुटुंबासाठी जास्त योग्य. एखादी संस्था पैसे घेऊन तंबूची सहल नेत असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारावं.

नदीचं कोरडं पात्र धोक्याचं का?

तंबूसाठी सपाट, वाळूची आणि पाण्याजवळची जागा सगळ्यांनाच आवडते. पैनगंगेत नेमकी तीच टाळायची.

सहस्रकुंडच्या वरच्या बाजूला या नदीवर इसापूर धरण आहे. पाऊस बुलढाणा-वाशिमकडे पडतो, धरण भरतं, दरवाजे उघडतात आणि पाणी काही तासांनी खाली पोहोचतं. तोपर्यंत तुमच्या डोक्यावरचं आकाश निरभ्र असू शकतं. म्हणूनच विसर्गाआधी हदगाव, हिमायतनगर, किनवट आणि उमरखेड तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो. बाहेरून आलेल्या पाहुण्यांपर्यंत तो पोहोचेलच असं नाही.

उन्हाळ्यातही गाफील राहून चालत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी गावांची मागणी आली की इसापूरमधून कोरड्या पात्रात पाणी सोडलं जातं.

पाणी किती वेगानं चढतं, हे महाराष्ट्रानं ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात पाहिलं. भुशी धरणामागच्या ओढ्यात उभ्या असलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा वाढलेल्या लोंढ्यात जीव गेला. त्यामुळे तंबू पात्रात नको, नाल्याच्या तोंडाशी नको. काठावरच्या झाडाझुडपांत अडकलेला कचरा दिसतो, तिथपर्यंत पूर येऊन गेलेला असतो. त्या रेषेच्या बऱ्याच वर, शक्यतो गावाच्या पातळीला जागा घ्यावी.

कोणत्या महिन्यात जावं?

- जुलै ते सप्टेंबर: धबधबा भरात असतो, पण मुक्कामासाठी हा काळ नाही. दिवसा येऊन पाहून जावं. धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेशही निघू शकतात.
- ऑक्टोबर: धबधब्याला पाणी आणि जंगलाला हिरवाई असते. मात्र परतीच्या पावसात विसर्ग होऊ शकतो. नवरात्रात माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनाला मोठी गर्दी असते.
- नोव्हेंबर ते जानेवारी: तंबूसाठी सर्वात चांगला काळ. पहाटे कडाक्याची थंडी पडते, म्हणून जाड पांघरूण हवंच. दत्तजयंतीला माहूरला पुन्हा गर्दी होते.
- १५ फेब्रुवारी ते १५ जून: हा वन विभागाचा आगीचा हंगाम. सागाची वाळलेली पानं एका ठिणगीनं पेटतात. शेकोटीचा विचारही करू नये.

बिबट्या, अस्वल आणि साप

या जंगलात बिबट्या आणि अस्वल आहेत. वाघाचाही वावर असू शकतो. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ महाराष्ट्र-तेलंगणातले अनेक जिल्हे ओलांडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, तेव्हा अस्वल पहाटे झाडाखाली येतं. अंधारात एकट्यानं लांब जाऊ नये आणि उरलेलं अन्न तंबूजवळ टाकू नये.

खरी भीती मण्यारीची. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. पहाटे पोट दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास होणं अशी लक्षणं दिसली तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावं. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय किनवटलगत गोकुंद्याला आहे.

दोन रात्रींचा बेत कसा आखावा?

लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेड आणि पुढे भोकर, हिमायतनगरमार्गे इस्लापूर असा रस्ता आहे. नांदेड ते सहस्रकुंड सुमारे १०० किलोमीटर. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट असा जातो. नांदेडहून किनवट-माहूरला एसटीही आहे.

पहिल्या दिवशी पहाटे निघून दुपारी सहस्रकुंड पाहावं आणि अंधाराआधी किनवट परिसरात मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी उनकेश्वरचे गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे पाहून माहूर गाठावं. तिसऱ्या दिवशी माहूरचा किल्ला आणि पांडवलेणी पाहून परत फिरावं.

निघण्यापूर्वी हे तपासा

- परवानगी किंवा शेतमालकाचा होकार
- इसापूर धरणाचा विसर्ग आणि हवामान खात्याचा इशारा
- माणशी रोजचं किमान चार ते पाच लिटर पिण्याचं पाणी
- तळ शिवलेला आणि चेन बंद होणारा तंबू, टॉर्च, पायभर बूट
- कचरा परत नेण्यासाठी पिशवी
- घरच्यांकडे मुक्कामाचं गाव आणि परतीची वेळ. जंगलात सगळीकडे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही
- रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि वन विभागाची हेल्पलाइन १९२६

यातली एखादी गोष्ट जुळत नसेल तर तंबू घरीच ठेवावा आणि गावात मुक्काम करावा. धबधबा आणि जंगल दिवसाही पाहता येतं.