बेहड्याचे फासे

दिवाळीच्या पाडव्याला ‘द्यूतप्रतिपदा’ असेही एक नाव आहे. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळायला बसली, पार्वती जिंकली आणि भोळा शंभू सर्वस्व हरला, अशी पुराणकथा आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात हा डाव दगडात कोरलेला आहे. कैलासाच्या स्वामीलाही हवे तसे दान पडत नाही, ही कल्पना ज्याला सुचली तो मोठा रसिक असला पाहिजे!

मोहेंजोदडोला ठिपक्यांचे चौकोनी फासे सापडले. पण ऋग्वेदातला जुगारी खेळतो तो बेहड्याच्या फळांनी. होय, त्रिफळ्यातलाच बेहडा! आमच्या गगनबावड्याच्या रानात, घाटाच्या उतारावर, थंडी सरता सरता त्याचा सडा पडतो. अभ्यासकांच्या मते खेळ असा : मूठभर फळे घ्यावीत, चारचार करून मोजावीत. बाकी उरली नाही तर ‘कृत’, तीन उरली तर ‘त्रेता’, दोन उरली तर ‘द्वापर’ आणि एक उरले की ‘कली’, म्हणजे डाव गेला. युगांचीही नावे हीच. ज्या कलियुगाच्या नावाने आपण बोटे मोडतो, ते नाव मुळात एका फसलेल्या दानाचे!

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ३४ वे सूक्त या जुगाऱ्याचेच आहे. सासू त्याचा द्वेष करते, बायको दूर लोटते, दुसऱ्याचा सुखी संसार पाहून त्याचा जीव जळतो. अखेर देव त्याला फासे टाकून नांगर धरायला सांगतो. तीन हजार वर्षांपूर्वीचे हे घर आजही एखाद्या गल्लीत सापडेल.

द्यूतात सगळेच काही हरत नाहीत. ग्रीक लेखक प्लुटार्कने ईजिप्तची एक कथा दिली आहे. आकाशदेवीला वर्षाच्या कोणत्याही दिवशी मूल होणार नाही, असा शाप होता. तेव्हा एका देवाने चंद्राशी पट मांडला, त्याचा थोडाथोडा प्रकाश जिंकला आणि त्यातून पाच जादा दिवस घडवले. वर्ष ३६० दिवसांचे ३६५ झाले नि देवीची कूस उजवली.

आपला नळ मात्र राज्य हरला, दमयंतीला वनात सोडून गेला. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे निघाला असता वाटेत बेहड्याचे झाड लागले. राजाने नुसत्या नजरेने पाने-फळे मोजून सांगितली. नळाने झाड तोडून खात्री करून घेतली आणि अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या मागून घेतली. त्या क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडला आणि बेहड्यात शिरला. पुढे नळाने पुष्कराकडून राज्य परत जिंकले, वर त्याला क्षमाही केली. झाडाला मात्र क्षमा नाही! पण लावला तो माणसाने, अपशकुनी ठरला बेहडा. अमरकोशात त्याची नावे पाहा : अक्ष, भूतावास, कलिद्रुम. वैद्यांनी हा बोल मानला नाही. त्यांनी हिरडा-आवळ्याच्या पंगतीत त्याला पाट मांडला, आणि खोकला झाला की घरातली आजी अजूनही बेहड्याची साल तोंडात धरायला देते.