चुलीवांचून आंच

खालापूर तालुक्यांत, पाताळगंगेच्या खोऱ्यांत, मोहोपाडा हें गांव आहे. 1960 सालीं हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना या गांवाच्या शेजारीं उभा राहिला आणि त्या परिसराला रसायनी हें नांव पडलें. नायट्रोबेंझीन, अ‍ॅनिलीन असले पदार्थ तेथें तयार होत. 2017 सालीं केंद्र सरकारनें तेथील तोट्यांतलें उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. पण पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचा व्यवसाय चालूच आहे. याच तालुक्यांत खोपोलीस 1915 पासून टाटांचें वीजघर आहे. विजेचें असें माहेर हाताशीं असूनहि रसायनांचीं मोठीं पात्रें तापवायचीं तीं बहुधा वाफेनेंच. पात्राभोवतीं दुसरें कवच आणि त्या कवचांत बॉयलरची वाफ, ही जुनी रीत अजून सुटलेली नाहीं. विजेच्या लहरींनीं पदार्थ आंतून तापवितां येतो, हें जगाला ठाऊक होऊन ऐंशी वर्षें उलटलीं. मग वाफेचें राज्य टिकलें कसें?

विस्तवाची उष्णता बाहेरून आंत जाते. आधीं पातेल्याचें बूड तापतें, मग बुडाशीं असलेलें दूध, मग वरचें. म्हणून न ढवळलेलें दूध बुडाला लागतें. लहरींचा मार्ग निराळा. पाण्याच्या रेणूचें एक टोंक किंचित् धन व दुसरें ऋण असतें. विद्युत्क्षेत्राची दिशा पालटली कीं रेणूहि तिच्यामागें फिरूं पाहतो. घरगुती मायक्रोवेव्ह यंत्रांत हें क्षेत्र सेकंदाला 245 कोटी आवर्तनें करतें. रेणूला तो वेग पुरता साधत नाहीं. तो मागें पडतो, शेजाऱ्यांशीं झगडतो, आणि ती शक्ति पदार्थाच्या पोटांतच उष्णतेच्या रूपानें प्रकट होते. कांचेंतून मात्र लहरी जवळजवळ तशाच निघून जातात. हा आंकडा म्हणजे पाण्याच्या रेणूची खास कंपनसंख्या, असें पुष्कळ सुशिक्षितहि सांगतात. तें खरें नव्हे. याहून कितीतरी शीघ्र लहरी पाणी अधिक जोरानें शोषतें. हा पट्टा उद्योगांसाठीं राखला गेला तो संदेशवहनाला उपद्रव होऊं नये म्हणून.

या विद्येला बळ आलें तें दुसऱ्या महायुद्धांत. लांकडी विमानांचे भाग जोडतांना आंतला चिकटा लवकर वाळावा म्हणून नभोवाणीच्या जातीच्या लांब लहरी वापरीत. फेब्रुवारी 1940 मध्यें बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनीं आंखूड लहरींचा प्रबळ झरा असा नवा मॅग्नेट्रॉन चालवून दाखविला. त्याची गरज होती रडारला. त्याच्याजवळ उभें असतांना खिशांतलें चॉकलेट वितळलें, ही अमेरिकेच्या पर्सी स्पेन्सरची गोष्ट सर्वश्रुत आहे. 1945 सालीं त्यानें अन्न शिजविण्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला. दोन वर्षांनीं बाजारांत आलेलें यंत्र माणसाएवढें उंच आणि सुमारें 340 किलो वजनाचें होतें.

रसायनशास्त्रज्ञांनीं मात्र या यंत्राकडे वळण्यास बराच उशीर लावला. 1986 सालीं कॅनडांतील लॉरेन्शियन विद्यापीठांत रॉबर्ट गेडी व त्यांचे सहकारी यांनीं, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील दुसऱ्या एका मंडळानें, साध्या घरगुती यंत्रांत बंद भांडीं ठेवून सेंद्रिय क्रिया घडविल्या. तासांचें काम मिनिटांत झालें. कांहीं भांडीं फुटलीं, तीहि बातमी प्रांजळपणें छापली गेली. त्यानंतर शेंकडों निबंध निघाले, आणि त्यांत एक मोहक कल्पना शिरली : लहरींत उष्णतेखेरीज कांहीं वेगळी जादू आहे!

हिशेब केला तर जादूची गरज उरत नाहीं. तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं क्रियेचा वेग स्थूलमानानें दुप्पट होतो. मेथॅनॉल उघड्या भांड्यांत 65 अंशांवर उकळून थांबतें. बंद भांड्यांत दाब वाढून तें 165 अंशांवर गेलें, तर दहा वेळां दुप्पट, म्हणजे वेग हजारपट! अडचण एवढीच कीं भांड्याच्या आंतलें खरें तापमान कोणी नीट मोजीत नव्हतें. साधा पाऱ्याचा तापमापक त्या यंत्रांत घालतां येत नाहीं, आणि भांड्याच्या बाहेरून घेतलेलें माप फसवितें. 2009 सालीं ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें ऑलिव्हर काप्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांचेऐवजीं सिलिकॉन कार्बाइडचें भांडें घेतलें. तें लहरी स्वतः गिळतें व आंत केवळ उष्णता पोंचवितें. तापमान तेंच ठेवलें, तेव्हां दोन्ही भांड्यांत फळ सारखेंच आलें. वीस वर्षांच्या वादाला याहून साधें उत्तर क्वचितच मिळालें असेल.

ज्या धंद्यांत नेमकी आंतली ओल वा आंतला सांधा तापवायचा, तेथें लहरींनीं आपलें स्थान केव्हांच मिळविलें आहे. रंगविलेल्या सुताच्या गुंड्या त्यांनीं आंतपर्यंत वाळतात, बिस्किटांतली शेवटची ओल काढतां येते, पावसाळी अंगरख्यांच्या प्लॅस्टिकच्या शिवणी दोऱ्यावांचून सांधतात. मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 1977 सालीं या लहरींच्या उपकरणांसाठीं एक विभाग निघाला. त्यांतूनच 1984 सालीं ‘समीर’ ही स्वतंत्र संस्था पवईस उभी राहिली. रुग्णालयांतील दूषित कचरा न जाळतां लहरींनीं निर्जंतुक करण्याचें तंत्र तिनें हातीं घेतलें.

रसायनाच्या मोठ्या पात्राशीं मात्र लहरी अडतात. थंड पाण्यांत त्या दोन सेंटिमीटरांच्या आसपास शिरतात, तोंच त्यांचा जोर ओसरतो. हजारों लिटरांच्या पात्रांत मधला भाग तापायचा तो पुन्हां ढवळूनच. शिवाय मॅग्नेट्रॉनला दिलेल्या विजेचा मोठा वांटा त्याच्यांतच खर्ची पडतो. म्हणून अभियंते पात्र मोठें करण्याऐवजीं अरुंद नळींतून द्रव सतत वाहता ठेवून त्याला लहरी देतात. तोळ्यांनीं विकल्या जाणाऱ्या महागड्या औषधाला हा खर्च परवडतो. टनांनीं विकल्या जाणाऱ्या अ‍ॅनिलीनला परवडत नाहीं.