गोलंदाज आणि कर्णधार : पाळवणकर बाळू यांच्या क्रीडाजीवनाविषयी

शुक्रवार पेठ, सोलापूर

क्रिकेटच्या मराठी परिभाषेतील दोन शब्द मुळात खेळाचे नव्हेत. ‘गोलंदाज’ हा तोफखान्यातला. तोफ डागणारा, परंतु हुकमाचा ताबेदार. ‘कर्णधार’ म्हणजे नौकेचे सुकाणू धरणारा. पाळवणकर बाळू (1876–1955) यांचे क्रीडाजीवन हा या दोन शब्दांमधील अंतराचा इतिहास होय.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. घराण्याचे मूळ कोकणात. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात ते दरमहा 4 रुपये वेतनावर मैदानाची निगा राखीत व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. फलंदाजी ही साहेबांची. नोकराच्या वाट्यास ती येत नसे. तथापि या अखंड सरावातूनच त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी सिद्ध झाली. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले ते युरोपियनांना हरविता यावे म्हणून. त्यांनी टाकलेल्या चेंडूचा विटाळ मैदानावर कोणास होत नसे. चहा मात्र त्यांना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून मिळे.

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांवर 109 धावांनी विजय मिळविला. त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात हिंदी संघाने बहुसंख्य सामने गमावले. तरीही बाळूंनी 114 बळी घेतले.

यानंतर नेतृत्व ओघानेच यावयास हवे होते. ते आले नाही. त्यांची फलंदाजी सामान्य होती, हे त्याचे कारण म्हणावे, तर त्याच दौऱ्याचे नेतृत्व अवघ्या 19 वर्षांच्या पतियाळाच्या महाराजांकडे होते. तेथे निकष गुणाचा नव्हता, जन्माचा होता. आणि तोच निकष उलट बाजूने बाळूंना लागू झाला. शिवाय त्यांचे बंधू विठ्ठल हे उत्तम फलंदाज असूनही त्यांनाही तिष्ठावे लागले.

1920 साली पाळवणकर बंधूंना डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम निषेधार्थ संघाबाहेर राहिले. त्यानंतर बाळू उपकर्णधार झाले, आणि 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीने तोवर लोकमत काहीसे पालटले होते, हे खरे. परंतु केवळ बळींच्या संख्येने जे साधले नाही, ते बंधूंच्या नकाराने जवळ आणले, हेही विसरून चालणार नाही. गुण सिद्ध करणे हे बाळूंचे कार्य. त्या गुणाचा अधिकार मागणे, हे त्याचे आवश्यक उत्तरार्ध होय.