अर्धी तार, अर्धा पत्रा

कुठल्याही गॅरेजमध्ये थोडा वेळ थांबलात, तर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘सेल्फ लागत नाहीये’ आणि ‘अर्थिंग गेलंय’. दोन्हींमागे मोठा इतिहास आहे. पावसाळ्यात गाडीचे दिवे अचानक मंद का होतात, याचं बरंचसं उत्तर त्यातल्या दुसऱ्या वाक्यात सापडतं.

आधी ‘सेल्फ’. हा ‘सेल्फ-स्टार्टर’चा उरलेला अर्धा तुकडा. सुरुवातीच्या मोटारी पुढून हँडल घालून, हाताने फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला की हात मोडायचा. या गाड्यांना वीज लागायची ती मुख्यतः ठिणगीपुरती. पुढचे दिवे तर बऱ्याचदा ॲसिटिलीन वायूवर जळत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याच्यासाठी दणकट बॅटरी लागली, बॅटरी चार्ज करायला डायनॅमो लागला, आणि वीज आहेच म्हटल्यावर दिवेही तिच्यावर आले. पुढे वायपर, रेडिओ, काचा, कुलुपं अशी भर पडत गेली. आजच्या साध्या गाडीतली सगळी तार सरळ केली, तर ती एक किलोमीटरच्याही पुढे जाते.

आता ‘अर्थिंग’. गाडी उभी असते रबरी टायरांवर, मग तिचा जमिनीशी संबंध काय? हा शब्द तारायंत्राच्या जगातला. तारायंत्राला वीज जायला एक आणि परत यायला एक, अशा दोन तारा लागत. १८३८मध्ये म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइलने दाखवलं की परतीची तार नको, ते काम जमीनच करते. निम्मी तार वाचली. मोटारी बनवणाऱ्यांनी हीच काटकसर उचलली, फक्त जमिनीच्या जागी गाडीचा पत्रा वापरला. बॅटरीचं ऋण टोक बॉडीला बोल्टने आवळलेलं असतं. दिव्याकडे वीज तारेतून जाते आणि परतताना पत्र्यातून येते.

म्हणजे गाडीतल्या बहुतेक सर्किटांचा अर्धा भाग तार असतो आणि अर्धा पत्रा. तारेला प्लास्टिकचं आवरण असतं, पत्र्याला फक्त रंग. आणि अर्थिंगचा बोल्ट जिथे बसतो, तिथे धातूला धातू टेकावा म्हणून तो रंगही नसतो. तिथे पाणी पोचलं की गंज आलाच. म्हणून ‘वायरिंग बिघडलंय’ आणि ‘गाडीत पाणी येतंय’ या दोन तक्रारी कितीतरी वेळा एकच असतात. ब्रेक दाबल्यावर शेजारचा इंडिकेटरही मिणमिणत असेल, तर परतीची नेहमीची वाट बंद झाल्यामुळे वीज दुसऱ्या बल्बमधून वाट काढते आहे, असं समजा.

हे ओळखायचा नियम मोटारीहून जुना आहे. विरोधातून प्रवाह जाताना व्होल्टेज खर्ची पडतं, हे गेओर्ग ओमने १८२७मध्येच मांडलं होतं. नव्हतं ते सुटसुटीत साधन. ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांना टेलिफोनच्या दुरुस्तीसाठी वेगवेगळी मापकं वागवावी लागत. अँपिअर, व्होल्ट आणि ओम एकाच डब्यात मोजणारं त्यांचं यंत्र १९२३मध्ये बाजारात आलं. तिन्ही आद्याक्षरं जोडून त्याचं नाव पडलं ‘ॲव्होमीटर’. आज काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर हा त्याचाच वंशज.

तो वापरायचा असा. इंजिन बंद, हेडलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन दिव्याच्या परतीच्या तारेवर टेकवा. आकडा शून्याच्या आसपास आला तर अर्थिंग ठीक. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर संशय घ्या. एक व्होल्ट दिसला तर चोर सापडलाच. मीटरच्या ‘बीप’वर मात्र विसंबू नका. तारेतला एकच तंतू शिल्लक असला तरी बीप वाजतो, पण हेडलाइटचे पाच अँपिअर त्याला पेलत नाहीत. म्हणून चाचणी नेहमी दिवा चालू ठेवूनच करायची.

पाण्याचा शोध याहून सोपा आहे, फक्त एक गैरसमज सोडायला हवा. गाडीचं दार पाणबंद नसतं. काचेच्या कडेने पाणी दारात शिरतंच आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा सुटला किंवा ती भोकं चिखलाने बुजली, की तेच पाणी मॅटखाली जातं. वायपरखालच्या जाळीत पानं साचली तरी तसंच. पाऊस नसतानाही पायाशी ओल असेल, तर एसीची निचरा नळी तपासा. ओल गोडसर वासाची आणि चिकट असेल, तर ते कूलंट आहे. नक्की जागा शोधायला दोघं लागतात. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने हळूहळू पाणी सोडायचं, खालून वर. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातात आणि उगम कळत नाही.

पाणी आणि वीज एकत्र आल्यावर काय होऊ शकतं, हे मुंबईने पाहिलं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझमध्ये चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काही जणांचा गाडीत अडकून मृत्यू झाला. बटणावर चालणाऱ्या काचा आणि कुलुपं पाण्यात दगा देऊ शकतात, आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे दारही ढकलवत नाही. हाताने फिरवायच्या काचेला हा विजेचा धोका नव्हता. गाडी पाण्यात सापडली तर वीज चालू आहे तोवरच काच खाली करायची, हा त्यातला धडा.

मग स्कॅनर कशाला आहे, असं कोणी विचारेल. गाडीतल्या छोट्या संगणकांना एकाच तारजोडीवर बोलू देणारी कॅन ही पद्धत बॉशने १९८६मध्ये मांडली. अमेरिकेत १९९६पासून नव्या गाड्यांना बिघाडाचे कोड वाचायचं ठरावीक सॉकेट सक्तीचं झालं. पण कोड सांगतो तो संगणकाला झालेला त्रास. अर्थिंग गंजलं की व्होल्टेज घसरतं आणि धडधाकट सेन्सरवर आळ येतो. मग महागडा सेन्सर बदलला जातो आणि दहा रुपयांचा बोल्ट तसाच गंजत राहतो.

घरी काम करताना दोन रंगांपासून लांब राहा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात आणि नारिंगी तारा हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांतल्या शेकडो व्होल्टच्या. बाकी ठिकाणी जून लागण्याआधी एक रविवार पुरतो. वायपरखालची पानं काढा, दारांची भोकं काडीने मोकळी करा, अर्थिंगचा बोल्ट सोडवून पॉलिश पेपरने घासा, परत घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.