कात, रबर आणि पाणी : यिशुनच्या पायवाटांचा इतिहास

सिंगापूर बेटाच्या उत्तरेला वसलेले यिशुन हे आज दोन लाखांहून अधिक वस्तीचे, उंच इमारतींचे उपनगर आहे. त्याच्या दक्षिणेला मध्यवर्ती जलसंधारण जंगल, मध्यभागी आणि पूर्वेला गोड्या पाण्याचे तलाव आणि उत्तरेला जोहोरच्या सामुद्रधुनीचा खारफुटीचा किनारा. सकाळी जंगलात शिरून संध्याकाळी समुद्रकाठी पोहोचावे, अशी एका दिवसाची भटकंती इथून सहज जमते. डोंगराची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी लागते. सिंगापूरचा सर्वांत उंच माथा बुकित तिमाह १६४ मीटरचा आहे, म्हणजे कळसूबाईचा जेमतेम दहावा भाग. या टापूत गंमत चढणीची नाही, वाटांची आहे. यांतली एकही जुनी वाट फिरणाऱ्यांसाठी पडलेली नाही. नाणेघाट जसा बैलांच्या तांड्यांसाठी आणि जकातीसाठी कोरला गेला आणि दोन हजार वर्षांनी ट्रेकर मंडळींच्या वाट्याला आला, तसेच इथेही घडले. फरक इतकाच, की इथला सगळा प्रवास दीडशे-पावणेदोनशे वर्षांत उरकला.

सुरुवात काताने झाली. एकोणिसाव्या शतकात चिनी, मुख्यतः तेओच्यू, मळेवाले सेलेतार नदीच्या फाट्यांनी आत शिरले आणि त्यांनी गंबीर व मिरीची लागवड केली. गंबीर हे झुडूप. त्याची पाने मोठ्या कढईत तासन्‌तास उकळून, आटवून, घट्ट झालेल्या लगद्याच्या वड्या पाडत. ही वडी म्हणजे एक प्रकारचा कातच. कोकणात कातकऱ्यांनी खैराच्या गाभ्यापासून काढलेला कात विड्यात जातो, तसाच मलाया-जावाकडे गंबीर विड्यात जाई. पण खरे गिऱ्हाईक युरोपातले होते, चामडे कमावण्याच्या कारखान्यांचे. उकळून उरलेला पाला मिरीच्या वेलांना खत म्हणून घातला जाई, म्हणून ही दोन पिके जोडीने घेतली जात.

कातभट्टी जंगल खाते, हे कोकणाला वेगळे सांगायला नको. गंबीरच्या भट्ट्यांना सरपण अखंड लागे आणि पंधरा-वीस वर्षांत जमीनही निकस होई. मग मळेवाला पुढच्या जंगलाला हात घाली आणि मागे लालांग गवताचे माळ उरत. त्या काळच्या वाटा मळ्यातून निघून थेट नदीच्या धक्क्यावर उतरत, कारण माल होडीने जाई. दोन खोऱ्यांना जोडणारी आडवी वाट फारशी कोणाला लागतच नसे. वस्त्यांची नावेही नदीवरूनच पडली. ‘चान चू कांग’, म्हणजे चान घराण्याची नदी, हे यिशुन परिसरातल्या जुन्या गावाचे नाव. अशा मळ्यांत वाघाने माणूस उचलणे ही नेहमीची बातमी होती. बेटावरचा शेवटचा वाघ १९३० मध्ये मारला गेला, असे मानले जाते.

पक्के रस्ते आले ते सरकारच्या सोयीसाठी. ते आखणाऱ्यांत जॉन टर्नबुल थॉमसन हा सर्व्हेअर प्रमुख होता. शहरातून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही त्याचे नाव आहे. आणि या बेटावरचे सुरुवातीचे कितीतरी रस्ते खपून बांधले ते हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी. १८२५ ते १८७३ या काळात बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतले कैदी सिंगापुरात होते. मुंबई इलाख्याच्या माणसांचा सिंगापूरशी संबंध आयटी कंपन्यांपासून सुरू होतो असे समजणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी काताची जागा रबराने घेतली आणि इथल्या इतिहासाला एक माणूस मिळाला : लिम नी सून (१८७९–१९३६). रबराच्या झाडाला चीक धरायला पाच ते सात वर्षे लागतात. तोवर खायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने अननसात शोधले. रबराच्या रोपांच्या ओळींत अननस लावायचा, डबाबंद करून विकायचा आणि झाडे मोठी झाली की अननस काढून टाकायचा. आंतरपिकाचा हा हिशेब इतका जमला की त्याला ‘अननसांचा राजा’ म्हणू लागले. सन यत्‌-सेनच्या क्रांतिकारी चळवळीलाही त्याने पैसा आणि आसरा दिला. त्याचे दफनही नानजिंगला, सन यत्‌-सेनच्या समाधीच्या परिसरात झाले. चान चू कांगचे नाव बदलून ‘नी सून’ झाले ते त्याच्याच नावावरून. पुढे सरकारने चिनी नावे मँडरिन उच्चाराप्रमाणे लिहायचे ठरवले तेव्हा तीच दोन अक्षरे ‘यिशुन’ झाली. मतदारसंघाचे नाव मात्र अजून नी सूनच आहे. एकाच माणसाची दोन नावे एकाच नकाशावर नांदताना पाहून नवखा प्रवासी गोंधळतो, त्याचे कारण हे.

रबराच्या मळ्याने वाटांची घडण बदलली. चीक काढणारा मजूर उजाडायच्या आत बाहेर पडतो, कारण ऊन चढले की चीक आटतो. खोडावर तिरपी खाच पाडायची, खाली वाटी लावायची, पुढच्या झाडाकडे वळायचे. काही तासांनी त्याच क्रमाने परत येऊन वाट्या रित्या करायच्या. त्यामुळे मळ्यातल्या वाटा ओळींमधून फिरून जिथून निघाल्या तिथेच येणाऱ्या असत. आजही या भागातल्या रानात रबराची झाडे आपोआप उगवलेली भेटतात. त्यांचे तीन कप्प्यांचे फळ वाळले की फट्‌ आवाज करत फुटते आणि ठिपक्याठिपक्यांच्या गुळगुळीत बिया दूरवर उडतात. काताच्या मळ्याची खूण त्याहून चोरटी आहे. निकस जमिनीवर तियुप-तियुप नावाच्या झाडांचे दाट रान माजले, तर तिथे कधीकाळी गंबीर होता असे बहुधा समजावे.

रबराच्याच काळात, १९०९ मध्ये, यिशुनशेजारच्या सेंबावांगच्या बाजूला गरम पाण्याचा झरा सापडला. पाणी सुमारे ७० अंशांचे. फ्रेझर अँड नीव्ह कंपनीने १९२१ मध्ये ती जागा घेतली आणि झऱ्याचे पाणी बाटल्यांत भरून विकले. जपान्यांनी युद्धकाळात तिथे स्नानगृहे काढली. पुढे ती जमीन लष्कराकडे गेली. २०२० मध्ये तिथे उद्यान झाले. लोक बादल्यांतून पाणी घेऊन पाय शेकतात आणि अंडी उकडतात. वज्रेश्वरी किंवा उन्हेरे पाहिलेल्या माणसाला इथे एकच उणीव जाणवेल : कुंडाशेजारी देऊळ नाही.

पण काताच्या आणि रबराच्या मळ्यांसाठी एवढी तोड होऊनही जंगल उरले कसे? निसर्गप्रेमाने नव्हे, तहानेने. १८८३ मध्ये नॅथॅनिएल कँटली यांनी जंगलांच्या दुरवस्थेचा अहवाल दिला आणि राखीव वने आखली गेली, पण त्यांना खरे कुंपण घातले ते पाणीपुरवठ्याने. १८६०च्या दशकात आज मॅकरिची नावाने ओळखला जाणारा तलाव झाला, त्यानंतर पीअर्स तलाव आणि १९४० पर्यंत सेलेतार. तलावात गाळ येऊ द्यायचा नसेल तर भोवतालचे रान राखावे लागते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. सेलेतार तलाव १९६९ मध्ये वाढवण्यात आला. त्याच्या काठचा अग्निबाणासारखा दिसणारा निरीक्षण मनोरा आज फोटोंसाठी प्रसिद्ध आहे.

दुसरे कुंपण लष्कराने घातले. इंग्रजांनी सेंबावांगला बांधलेला नाविक तळ १९३८ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या जोडीला नी सूनच्या बराकी आल्या. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर याच परिसरात हिंदी युद्धकैद्यांची छावणी होती. त्यांतले कित्येक पुढे आझाद हिंद सेनेत गेले. तळावर काम करणाऱ्या मल्याळी आणि तमिळ कामगारांनी कॅनबेरा रोडजवळ एका झाडाखाली पूजा सुरू केली, त्यातून झालेले मुरुगनाचे देऊळ आता यिशुनमध्ये आहे.

नवे नगर उभे राहू लागले ते १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. मळे, खेडी, कोळंबीची तळी एकामागून एक गेली. १९८६ मध्ये सेलेतार नदीचे मुख बांधाने अडवले गेले. या बांधावरून आता रस्ता जातो : एका हाताला पिण्याचे गोडे पाणी, दुसऱ्या हाताला भरती-ओहोटीचा समुद्र. कोकणात खारबंदिस्तीचा बांध शेतीसाठी घालतात, हा शहराच्या नळासाठी. १९८८ मध्ये मेट्रो यिशुन आणि खतीबला पोहोचली.

निव्वळ चालण्यासाठी वाटा आखण्याची कल्पना त्यानंतरची. नाले आणि रस्ते यांच्या कडेच्या मोकळ्या पट्ट्या जोडून उद्याने एकमेकांना गाठून द्यायची, या योजनेतला पहिला मार्ग १९९२ मध्ये कालांग नदीकाठी झाला. यिशुन, सेंबावांग आणि वुडलँड्सला जोडणारे वर्तुळ सुमारे २५ किलोमीटरचे आहे. जंगलात २००४ मध्ये झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा २५० मीटरचा झुलता पूल झाला. तो सोमवारी बंद असतो आणि त्यावरून एकाच दिशेने जाता येते, म्हणून दिवसाचा बेत आखताना तो सकाळीच उरकावा लागतो. विषुववृत्त हाताशी असल्याने वर्षभर साधारण सातला उजाडते, सातला मावळते आणि दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला. जंगल सकाळी, तलाव दुपारच्या आत आणि बांध संध्याकाळी, हाच क्रम सोयीचा. किनाऱ्यावर जायचे तर भरतीचे वेळापत्रक आधी पाहावे. माकडांना खायला घालणे इथे गुन्हा आहे, श्रद्धेने घातले तरी.

एक भाग मात्र कुठल्याही बेतात बसत नाही. नी सूनचे दलदलीचे वन हे सिंगापुरात उरलेले गोड्या पाण्याच्या दलदलीचे एकमेव मोठे जंगल. जगात अन्यत्र न आढळणारे गोड्या पाण्यातले खेकडे तिथे आहेत. हे वन लष्कराच्या गोळीबार क्षेत्राला लागून असल्याने सर्वसामान्यांना बंद आहे. हद्दीवरच्या पाट्यांवर इंग्रजी, मलाय, चिनी आणि तमिळ या चार भाषांत मजकूर असतो आणि बंदूक रोखलेल्या शिपायाचे चित्र. चारपैकी एकही भाषा येत नसली, तरी तिथून मागे फिरावे.