पगडी

पगडी : पुरुषांचे एक शिरोवस्त्र. लांब व अरुंद कापडाचे वेढे साच्यावर गुंडाळून, टाके घालून आणि आकार कायम करून पगडी तयार होते. ती टोपीप्रमाणे डोक्यावर ठेवता आणि उतरवता येते. पागोटे, फेटा, पटका, मुंडासे व रुमाल ही वस्त्रे मात्र प्रत्येक वेळी नव्याने बांधावी लागतात. व्यवहारात हा भेद काटेकोरपणे पाळला जात नाही. महात्मा फुले यांच्यावरून ‘फुले पगडी’ या नावाने ओळखले जाणारे शिरोवस्त्र घडणीच्या दृष्टीने पागोट्याला जवळचे आहे. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील व मराठी संस्थानांतील पगडीचा विचार केला असून इतर शिरोवस्त्रांचा उल्लेख तुलनेपुरता आहे.

प्राचीन पार्श्वभूमी : वैदिक वाङ्मयात ‘उष्णीष’ हे डोक्याला गुंडाळायचे वस्त्र आढळते. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याच्या वर्णनात ते येते आणि यज्ञविधींतही त्याला स्थान आहे. भारहुत व सांची येथील शिल्पांत जाड वेढ्यांची, समोर मोठी गाठ असलेली शिरोवस्त्रे विपुल आहेत. बोधिसत्त्वाच्या केशांसह त्याच्या शिरोवस्त्राची देवसभेत पूजा होत असल्याचे दृश्यही भारहुत येथे कोरलेले आहे. महाराष्ट्रात भाजे येथील शिल्पांत आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील मिथुनशिल्पांत पुरुषांच्या डोक्यावर अशीच भारी शिरोवस्त्रे दिसतात. ही सर्व उदाहरणे बांधायच्या वस्त्राची आहेत. त्यांवरून पगडीची परंपरा थेट प्राचीन काळापर्यंत नेणे योग्य ठरणार नाही.

मध्ययुग : दख्खनच्या सुलतानी दरबारांतील चित्रांत आखूड, घट्ट बांधलेली शिरोवस्त्रे आढळतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सतराव्या शतकातील चित्रांतही बसके, तुरा लावलेले शिरोवस्त्र आहे. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी (१६५९) महाराजांनी पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी घातली होती, असे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) नोंदविले आहे. महाराजांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या जिरेटोपाच्या प्रचलित आकाराविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

कापड : पगडीची प्रत प्रथम कापडावर ठरे. पागोट्याचे कापड मागावरूनच पूर्ण होऊन उतरे. त्याला कातर लावावी लागत नसे. मधला भाग साधा, पोत तलम, कडेला बारीक काठ आणि टोकाला जरीचा पदर अशी त्याची सर्वसाधारण रचना असे. पदराचा जरतारी भाग बांधताना दर्शनी बाजूस आणत. पैठण, बऱ्हाणपूर व चंदेरी ही अशा कापडाची नावाजलेली केंद्रे होती. चंदेरीचे कापड अत्यंत तलम असल्याने अनेक हात लांबीचा तुकडाही पीळ दिल्यावर दोरीइतका बारीक होई. बारीक पिळांच्या पगड्यांना असेच कापड लागे.

या कापडाची सर्वांत पद्धतशीर नोंद व्यापारी हेतूने झाली. लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये हिंदी उत्पादनांचे काम पाहणारे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली हिंदुस्थानी कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड सिद्ध केले. त्यांचे २० संच करण्यात आले. त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये आणि ७ हिंदुस्थानात ठेवण्याचे ठरले. प्रत्येक नमुन्याखाली लांबी, रुंदी, वजन व ठिकाण यांचा तपशील आहे. हिंदी गिऱ्हाइकाला काय लागते ते लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना कळावे, हा यामागील उद्देश होता. वॉटसन यांनी मागावरच पूर्ण होणाऱ्या वस्त्रांचा वेगळा वर्ग केला असून त्यात पागोट्याचे कापड धोतर व लुगड्यांसोबत येते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात डोक्यावरील वस्त्रे बांधण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांची चित्रेही आहेत.

रंगांत तांबड्याला मान होता. कुसुंब्याच्या फुलांपासून मिळणारा गुलाबी-तांबडा रंग तेजस्वी असला, तरी पाण्याने व उन्हाने उतरे. त्यामुळे पागोटे वरचेवर रंगाऱ्याकडे द्यावे लागे. तयार पगडीला मात्र असे धुणे-रंगवणे सोसत नसे. ती उसवून पुन्हा बांधावी लागे. १८६९ नंतर कृत्रिम ॲलिझरिन बाजारात आल्यावर पक्का तांबडा रंग स्वस्त झाला.

घडण : पगडी बांधणाऱ्या कारागिराला पगडबंद म्हणतात. गिऱ्हाइकाच्या डोक्याचा घेर घेऊन त्या मापाच्या कालबुतावर, म्हणजे साच्यावर, तो आतील टोपी बसवितो. तिच्यावर पीळ दिलेले कापड एकावर एक, सारख्या अंतराने गुंडाळून टाके घालतो. घेर, माथा व वर उंचावलेला कोका हे पुणेरी पगडीतील ठळक भाग होत. पीळ किती बारीक आणि वेढे किती सारखे, यावर कारागिराचे कसब जोखले जाई. अलीकडे आतील भागासाठी पुठ्ठा व स्पंज आणि वरून तयार रेशमी किंवा कृत्रिम धाग्याचे कापड वापरतात.

पागोटे ज्याचे तोच बांधे, त्यामुळे बांधणीत माणसागणिक फरक पडे. पगडी दुसऱ्याच्या हातून तयार होऊन येत असल्याने तिचा आकार कारागिराच्या साच्याने ठरे. घराणे, दरबार किंवा जात यांची खूण म्हणून ठरावीक आकार रूढ होण्यास ही घडण विशेष अनुकूल ठरली.

प्रकार : (१) पुणेरी किंवा ब्राह्मणी पगडी. वर्तुळाकार घेर असलेल्या प्रकारास चक्री पगडी म्हणतात. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर, लोकमान्य टिळक व गोपाळ कृष्ण गोखले यांच्या छायाचित्रांमुळे हा प्रकार सर्वपरिचित झाला. आजच्या रूपातील पुणेरी पगडी रानड्यांनी रूढ केली, असे काही ठिकाणी म्हटले जाते. तथापि तिचे पूर्वरूप पेशवाईत होते. (२) शिंदेशाही पगडी. ग्वाल्हेर दरबाराची, होडीसारखी लांबट व टोकदार, बारीक पिळांची. (३) होळकरशाही पगडी. इंदूर दरबाराची. (४) गायकवाडी पगडी. बडोद्याची. (५) तंजावरचे उंच, टोकदार शिरोवस्त्र. सरफोजी राजे दुसरे (कार. १७९८–१८३२) यांच्या जॉन फ्लॅक्समनने घडविलेल्या संगमरवरी पुतळ्यात ते स्पष्ट दिसते. (६) पारशी पगडी. गुजरातेतील वाण्यांच्या शिरोवस्त्रावरून घेतलेली असावी. मुंबईत दादाभाई नवरोजींच्या पिढीपर्यंत प्रचलित होती. कीर्तनकारांची व वारकरी परंपरेतील ‘तुकाराम पगडी’ हा प्रकार अलीकडे सत्कारांतून पुढे आला आहे.

चित्रे व पुतळे : पेशवाईतील शिरोवस्त्रांसाठी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची चित्रे महत्त्वाची आहेत. त्याने १७९२ मध्ये पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे चित्र रंगविले. त्याच्या रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियलने पेशव्यांच्या दरबारातील १७९० च्या तहाचा प्रसंग पुढे मोठ्या चित्रात उतरविला. त्यात दरबारी मंडळींच्या पगड्या व पागोटी सरसकट एका तऱ्हेची दाखविलेली नाहीत. मुंबईच्या टाउन हॉलमधील नाना शंकरशेट यांच्या पुतळ्यात एकोणिसाव्या शतकातील पगडीचा आकार सर्व बाजूंनी पाहता येतो.

सामाजिक अर्थ : वडीलधाऱ्यांसमोर किंवा दरबारात उघड्या डोक्याने जाणे असभ्य मानले जाई. सन्मानाच्या वस्त्रांत शिरोवस्त्राचा समावेश असे आणि त्यावर दर्जानुसार शिरपेच, जिगा, तुरा किंवा कलगी लावीत. डोक्यावरची पगडी दुसऱ्याच्या पायावर ठेवणे ही शरणागतीची किंवा कळकळीच्या विनवणीची परिसीमा होती. कर्ता पुरुष निवर्तल्यावर दुखवट्याच्या शेवटी वारसाला पागोटे बांधण्याची चाल अनेक समाजांत होती. ग्रामीण महाराष्ट्रात लग्नकार्यात टॉवेल-टोपीचा आहेर करण्याची प्रथा अद्याप आढळते.

शिरोवस्त्रावरून जात, धंदा व प्रांत ओळखू येई. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या पुणे जिल्ह्यावरील खंडात (१८८५) जातवार पोशाखाची वर्णने असून शिरोवस्त्रांचा तपशील जवळजवळ प्रत्येक जातीखाली येतो. ही वर्णने प्रशासकीय गरजेतून केलेली असल्याने त्यांत रूढ पोशाखाला नियमाचे स्वरूप आले आहे. शेतकरी व कष्टकरी वर्गाचे पागोटे ऊन व ओझे यांपासून संरक्षण देई आणि प्रसंगी दोरी, झोळी किंवा अंथरूण म्हणूनही उपयोगी पडे. तयार पगडीला असा उपयोग नसल्याने ती बैठ्या व्यवसायांची खूण ठरली.

टोपीचा प्रसार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा-कॉलेजांतील तरुणांत काळी गोल टोपी रूढ होऊ लागली. गांधी टोपीने या बदलाला राजकीय अर्थ दिला. हिंदुस्थानातील निरनिराळ्या शिरोवस्त्रांचा विचार करून आपण काश्मिरी टोपीच्या धर्तीवर पांढरी खादीची टोपी निवडली, असे गांधीजींनी काका कालेलकरांना सांगितले होते. ही टोपी थोड्या कापडात होई, घडी घालून खिशात राही आणि रोज धुता येई. सर्व जातींना तिचा आकार एकच होता. स्वतः गांधीजींनी १९२१ मध्ये पंचा स्वीकारल्यावर टोपी सोडली. अनुयायांनी ती चालू ठेवली. १९३० च्या सोलापुरातील मार्शल लॉच्या काळात ही टोपी घालणे लष्कराच्या रोषास कारण होई. त्याच वर्षी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने खाकी टोपीऐवजी काळी टोपी स्वीकारली. मुंबईचे डबेवाले पांढरी टोपी आजही वापरतात. २०११ च्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनात तिच्यावर घोषणा छापण्याची पद्धत सुरू होऊन पुढे आम आदमी पक्षाने ती उचलली.

पगडी मात्र धुता येत नसे, तिला किंमत पडे आणि कारागीरही लागे. टिळक-गोखल्यांच्या पिढीबरोबर तिचा रोजचा वापर ओसरला.

पुनरुज्जीवन व वाद : विजय तेंडुलकर यांच्या घाशीराम कोतवाल (पहिला प्रयोग १९७२) या नाटकाने पुणेरी पगडी तरुणांत पुन्हा परिचित झाली, असे मानले जाते. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशन मिळाले. सत्कारात पाहुण्याला पगडी घालण्याचा प्रघात याच काळात वाढला. जून २०१८ मध्ये पुण्यातील एका सभेत शरद पवार यांनी यापुढे आपल्या पक्षाच्या कार्यक्रमांत पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरण्याची सूचना केली आणि छगन भुजबळ यांचा तशा पगडीने सत्कार झाला. जानेवारी २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभातही कोणती पगडी असावी यावरून विद्यार्थ्यांनी निषेध नोंदविला. या वादांत पगडीच्या जातीय संदर्भाविषयी परस्परविरोधी मते मांडली गेली.

स्त्रिया : पगडी हे पुरुषांचेच शिरोवस्त्र राहिले; गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत स्त्रियांनी नऊवारीवर फेटा बांधण्याची पद्धत अलीकडची आहे.

सद्यस्थिती : पुण्यात पगड्या तयार करणारी थोडी दुकाने आहेत. मागणी मुख्यतः सत्कार, विवाह, मुंज, नाटके व चित्रपट यांची असून पगडी भाड्यानेही मिळते. एकच पगडी अनेकांच्या डोक्यावर बसावी लागत असल्याने गिऱ्हाइकाच्या मापाऐवजी ठरावीक आकारमानांत पगड्या तयार करतात. लग्नांत कोल्हापुरी फेट्याला अधिक पसंती असून तो बांधून देणारे व्यावसायिक कार्यस्थळी येतात. त्यामुळे रोजच्या वापरातून पगडी व पागोटे दोन्ही गेली असली, तरी बांधण्याचे कसब फेट्याच्या व्यवसायात टिकले आहे. बारीक पिळाच्या पगडीचे काम येणारे पगडबंद मात्र मोजकेच उरले आहेत.