जबड्यातली काच, लोणारची काच

तार आवळून आल्यावर दात ठणकतात. त्या ठणक्याचं लोणारच्या विवराशी नातं आहे, असं माझं म्हणणं. दंतवैद्य आणि भूवैज्ञानिक दोघंही हसतील, हसोत.

विवराचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे: विष्णूने अंगठ्याने झाकण उडवून लवणासुराला मारलं, १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंद केली, पुढे ज्वालामुखी की अशनी हा वाद रंगला. १९७३ साली फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी निकाल दिला तो मॅस्केलिनाइटच्या साक्षीवर. दोन-चार लाख वातावरणांइतका दाब क्षणात बसला की बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारची आतली घडी विस्कटते, स्फटिकाची कड मात्र जागेवर राहते; उरते ती काच म्हणजे मॅस्केलिनाइट. एवढा दाब ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही.

ही काचही प्रथम ओळखली गेली ती आपल्याकडच्याच दगडात. १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या अशनीत व्हिएन्नाच्या चेर्माकला ती १८७२ मध्ये दिसली, आणि नाव लागलं ब्रिटिश म्युझियमच्या स्टोरी-मॅस्केलाइनचं. ती न वितळताच बनते का, यावर अजून भांडण आहे. १९६३ मध्ये मिल्टन आणि डी कार्ली यांनी स्फोटाच्या धक्क्याने ती घडवून दाखवली; २००० मध्ये चेन आणि एल गोरेसी म्हणाले, शेरघाटीसारख्या अशनींतली काच वितळून, दाबाखालीच गोठलेली आहे. शेरघाटीत काहीही झालं असो, लोणारपुरता मी मिल्टनचा. वितळलेला पदार्थ आपली कड कशाला सांभाळत बसेल?

आता दात. १९०४ च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल सँडस्टेटने कुत्र्यांचे दात तारेने सरकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाबाच्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी, ताणाच्या बाजूला नवं हाड. आणि जिथे जोर जास्त झाला तिथे, मुळाभोवतीच्या जेमतेम पाव मिलिमीटरच्या पडद्यात, पेशी मेलेल्या. राहिला तो केंद्रकं हरवलेला, काचेसारखा एकजिनसी पट्टा. त्याला हायलिन म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ काचेसारखा.

दाब किती पुरतो? १९३२ साली श्वार्झने केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबाशी मेळ घालून चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम ही मर्यादा सांगितली. पुढे गेलात की रक्त अडतं, पेशी मरतात आणि दात आठवडेच्या आठवडे हलतच नाही. शेजारच्या अस्थिमज्जेकडून पेशी येऊन हाड मागून पोखरतात, तेव्हा कुठे वाट मोकळी होते. ‘डॉक्टर, जरा घट्ट आवळा, लवकर संपेल’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कुणी म्हणेल, जबड्यातली काच नुसती दिसायला. कबूल, तिथे सिलिका नाही. पण दोन्हीकडे घडलं तेच: दाबाने आतली रचना पुसली गेली, आणि ती पुसल्याचं कळलं सूक्ष्मदर्शकातून. फरक पुढचा आहे. जबड्यात पेशी तो पट्टा उचलून नेतात. लोणारच्या दगडात उचलणारं कुणी नाही, म्हणून काच शाबूत आहे. किती वर्षं? वय मोजण्याची थर्मोल्युमिनेसन्स पद्धत ५२ हजार सांगते, आरगॉनची ५ लाख ७० हजार. माझं मत आरगॉनला.